‘ओरिजिन’ आणि सिड कॉर्मन : काहीशे प्रतींच्या अंकाचे वजन कशात होते?

आपण विचारले आहे की, ‘ओरिजिन’ या अमेरिकन कवितेच्या त्रैमासिकाच्या प्रती कधीच काहीशेच्या पुढे गेल्या नाहीत, तरीही १९५० नंतरच्या अमेरिकन कवितेचा विषय निघाला की त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, हे कसे घडले. आणि यात संपादक सिड कॉर्मन याचे कर्तृत्व किती व चांगले कवी वेळेवर हाताशी लागल्याचे नशीब किती. शेवटी आपण असेही लिहिले आहे की, तीन मित्रांसह मराठी कवितेचे एक अनियतकालिक काढण्याचा आपला विचार आहे आणि ‘तीनशे प्रती काढून काय होणार?’ या घरच्यांच्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही. मी ११ वर्षे असेच एक अनियतकालिक चालवले, त्याचे १९ अंक काढले आणि शेवटी ते बंदही केले. ‘ओरिजिन’चे जुने अंक मी मुळात वाचकाच्या नव्हे, तर अडचणीत सापडलेल्या संपादकाच्या नजरेने पाहिले, हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाच्या उत्तरापेक्षा निराळे असू शकेल.

माझ्या मते आपला खरा प्रश्न प्रतसंख्येचा नाही. तीनशे प्रती छापून त्या तीनशे परिचितांना वाटल्या तर ते एक प्रकारचे हळदीकुंकू झाले. त्याच तीनशे प्रती एकमेकांची नावेही न ऐकलेल्या, दूरदूर एकट्याने लिहीत बसलेल्या तीसचाळीस माणसांपर्यंत पोचल्या आणि त्यांनी एकमेकांना पत्रे लिहायला सुरुवात केली, तर ती सर्वस्वी वेगळी गोष्ट झाली. ‘ओरिजिन’चा इतिहास हा या दुसऱ्या प्रकारचा आहे. म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे : अंक कोणाच्या हातात पडला, त्यात एकेका कवीला किती जागा मिळाली, आणि दोन अंकांच्या मधल्या महिन्यांत संपादक काय करत होता?

अर्थात, यातले बरेच परिस्थितीवर अवलंबून होते आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मान्यताप्राप्त वाङ्मयीन मासिकांची अभिरुची विद्यापीठांतल्या समीक्षेने घडवलेली होती आणि तिच्यात न बसणाऱ्या, पण दर्जाने कमी नसलेल्या कवींची एक पिढीच बाहेर ताटकळत उभी होती. तसे कवी नसते, तर कॉर्मनच्या चिकाटीतून एक नीटनेटका हौशी अंक निघाला असता, एवढेच. पुढे जपानमध्ये छपाईच्या कामात मिळालेली सोय, इंग्रजी शिकवून पोट भरता येण्याची शक्यता आणि वयाच्या चाळिशीपर्यंत संसाराची जबाबदारी नसणे, हेही हिशेबात धरले पाहिजे. हे सगळे आपल्याला मिळेलच असे नाही. मलाही मिळाले नव्हते.

कॉर्मनचा जन्म १९२४ सालचा, बोस्टनमधला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू स्थलांतरित. त्याने मिशिगन विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास सुरू केला आणि पदवी अगदी टप्प्यात आली असताना सोडून दिला. बोस्टनला परतल्यावर तो सार्वजनिक ग्रंथालयांत कवितेची चर्चामंडळे चालवू लागला आणि १९४९ ते १९५१ या काळात एका स्थानिक रेडिओ केंद्रावर त्याने ‘धिस इज पोएट्री’ नावाचा साप्ताहिक कार्यक्रम केला. अंकाची खरी सुरुवात मी या कार्यक्रमापासून धरतो, आणि त्याला कारण आहे. बोस्टनजवळच्या स्वॉम्पस्कॉट गावात लॅरी आयग्नर नावाचा तरुण आईवडिलांच्या घरी राहत होता. जन्मतः झालेल्या मेंदूच्या इजेमुळे त्याचे शरीर त्याच्या ताब्यात नव्हते. टंकयंत्रावर तो उजव्या हाताच्या तर्जनीने आणि अंगठ्याने एकेक अक्षर उमटवत असे. कॉर्मनची कविता वाचण्याची पद्धत न पटल्यामुळे त्याने रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर पत्र लिहिले. कॉर्मनने त्या तक्रारीला उत्तर दिले, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि पुढे आयग्नर हा ‘ओरिजिन’चा एक महत्त्वाचा कवी ठरला. तक्रारीच्या पत्राला सविस्तर उत्तर देणारा संपादक मला स्वतःला तरी फार वेळा भेटलेला नाही.

आता नशिबाचा भाग. कवी रॉबर्ट क्रीली हा तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये कोंबड्या पाळत होता. त्याने एका मित्राबरोबर पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावाहून एक अंक काढण्याचे ठरवले आणि त्यासाठी ठिकठिकाणी पत्रे लिहून मजकूर गोळा केला. या खटाटोपातच १९५० मध्ये त्याचा आणि कवी चार्ल्स ओल्सनचा पत्रव्यवहार सुरू झाला. तो अंक निघालाच नाही. जमलेल्या मजकुरातले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमलेल्या माणसांतले बरेचसे कॉर्मनकडे आले. एका हितचिंतकाने पैशांची मदत केली आणि १९५१ च्या वसंत ऋतूत ‘ओरिजिन’चा पहिला अंक निघाला. म्हणजे पहिल्या अंकाचे अर्धे श्रेय एका न निघालेल्या अंकाला द्यावे लागते, आणि ‘नशीब किती’ या आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘सुरुवातीला बरेच’ असे आहे.

परंतु आलेल्या मजकुराचे काय करायचे, हा निर्णय कॉर्मनचा होता आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण इतिहासाचा कणा या निर्णयात आहे. कवितेच्या अंकाची नेहमीची रीत म्हणजे पंचवीस कवी आणि प्रत्येकाची एक किंवा दोन कविता. कोणी रुसत नाही, वर्गणीदारही वाढतात. कॉर्मनने ठरवले की, प्रत्येक अंकात एका कवीला मोठी, सलग जागा द्यायची आणि बाकीचा मजकूर त्याच्याभोवती मांडायचा. पहिल्या अंकात ही जागा ओल्सनला मिळाली. ओल्सन चाळिशीला आला होता, त्याच्या कविता फारशा कोठे छापल्या गेल्या नव्हत्या, आणि त्या जागेत त्याच्या पुढे दोन दशके चाललेल्या ‘मॅक्सिमस’ या दीर्घ काव्याची सुरुवात वाचकांसमोर आली. दुसरा अंक क्रीलीला दिला. आठव्या अंकात तर ही कल्पना टोकाला नेली : १९५३ चा तो अंक म्हणजे ओल्सनचा अख्खा कवितासंग्रहच होता आणि तो स्पेनच्या मायोर्का बेटावर क्रीलीने छापून घेतला होता. नियतकालिकाच्या क्रमांकाखाली एका कवीचे पुस्तक निघते, तेही अटलांटिकपलीकडे, ही गोष्ट वर्गणीदारांना कशी वाटली असेल, याची मला अनुभवाने कल्पना करता येते.

अनुभवाने म्हणतो, कारण माझ्या पहिल्या तीन अंकांत मी प्रत्येकी अठ्ठावीस-तीस कवी छापले होते. अंक भरगच्च दिसत होते आणि प्रत्येक कवीने आपली प्रत जपून ठेवली. परंतु अंकाविषयी, म्हणजे त्यातल्या दुसऱ्या कोणाच्या कवितेविषयी, मला तीन अंकांत मिळून चार पत्रे आली. चौथ्या अंकात मी ४८ पैकी २२ पाने एका कवयित्रीला दिली. आठ वर्गणीदार सुटले, एका ज्येष्ठ कवीने माझ्याशी बोलणे टाकले, आणि छापखान्याच्या मालकांनी इतक्या आखूड ओळींसाठी इतका कागद वाया घालवू नये, असा प्रेमाचा सल्ला दिला. मात्र त्या एका अंकावर मला सत्तावीस पत्रे आली. एका कवितेवरून वाचकाला आवड किंवा नावड कळवता येते. वीस पानांवरूनच त्याला कवीशी वाद घालता येतो. त्या चौथ्या अंकाचे धाडस मला ‘ओरिजिन’ने दिले होते, हे कबूल करायला संकोच नाही.

दुसरी गोष्ट पत्रांची. ओल्सनने कॉर्मनला पानेच्या पाने पत्रे लिहून अंक कसा असावा, काय घ्यावे, काय घेऊ नये, हे सुनावले होते. १९६९ मध्ये त्या पत्रांचे पुस्तक निघाले, पण त्यात फक्त ओल्सनची बाजू होती. साहजिकच वाचणाऱ्याचा असा ग्रह होई की खरा संपादक ओल्सन आणि कॉर्मन हा त्याचा कारकून. दोन्ही बाजूंचा संपूर्ण पत्रव्यवहार १९८७ आणि १९९१ मध्ये दोन खंडांत आला, तेव्हा चित्र बदलले : वयाने १४ वर्षांनी लहान असलेला हा संपादक ऐकून घेतो, मधूनच दुखावतो, आभार मानतो आणि शेवटी पुष्कळदा आपल्याला जे करायचे तेच करतो. छोट्या नियतकालिकाचा इतिहास लिहिताना एकाच बाजूच्या पत्रांवर विसंबल्यास काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. याच कारणाने, कॉर्मनने १९७५ मध्ये स्वतः निवडून काढलेले ‘ओरिजिन’चे संकलन हाती लागले, तर जरूर वाचावे, परंतु त्यावरून अंकाचा निवाडा करू नये; निवडीत फसलेली पाने येत नाहीत आणि संपादक फसलेल्या पानांवरूनच अधिक कळतो.

अंकाचे ऋण कसे पुसले जाते, हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. १९६० मध्ये डोनाल्ड ॲलन यांनी संपादित केलेला नव्या अमेरिकन कवितेचा संग्रह निघाला. त्यात ४४ कवी होते आणि त्यांची गटवार मांडणी केलेली होती. पहिला गट ‘ओरिजिन’ आणि क्रीलीचे ‘ब्लॅक माउंटन रिव्ह्यू’ या दोन नियतकालिकांशी निगडित कवींचा आहे, असे ॲलन यांनी प्रस्तावनेत नोंदवले. त्याच गटातले लॅरी आयग्नर, डेनिस लेव्हर्टोव्ह, पॉल ब्लॅकबर्न यांचा ओल्सन जिथे शिकवत असे त्या ब्लॅक माउंटन कॉलेजशी संबंध नव्हता, हेही तिथे स्पष्ट आहे. तरीसुद्धा पाठ्यपुस्तकांत ‘ब्लॅक माउंटन कवी’ हेच नाव रूढ झाले. कॉलेजला इमारत असते, आवार असते, छायाचित्रे असतात. टपालातून जाणाऱ्या अंकाला यातले काहीच नसते. खरे पाहता यांतल्या अनेकांचे समान गाव म्हणजे तो अंकच होता.

पहिली मालिका सुमारे सहा वर्षांत २० अंकांनी संपली. यातला उत्तरार्ध कॉर्मनने युरोपातून सांभाळला. १९५४ मध्ये तो फुलब्राइट शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला आणि तिथून दक्षिण इटलीतल्या मातेरा या दरिद्री डोंगरी गावात इंग्रजी शिकवू लागला. ‘संपली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, ‘बंद पडली’ असे म्हणत नाही. त्याने अंकांना मालिकांत बांधले होते. दुसरी मालिका एप्रिल १९६१ ते जुलै १९६४ अशी चालली आणि तिचे अंक १४ झाले. तिसरी एप्रिल १९६६ ते जानेवारी १९७१, आणि अंक पुन्हा २०. त्रैमासिकाच्या हिशेबाने मोजून पाहा, या दोन मालिकांत एकाही तिमाहीचा खाडा नाही. आपल्याकडे ‘अनियतकालिक’ हा शब्द आपण जरा अभिमानाने मिरवतो आणि त्यामागे कारणेही आहेत. ‘ओरिजिन’ची पहिली मालिका चालू असतानाच, १९५४ मध्ये, मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ सुरू केले. चक्रमुद्रित पानांचे ते काम जमेल तेव्हा निघणारेच असणार, आणि त्या जमेल तेव्हा निघण्यातही एक प्रकारची मोकळीक होती. तरीही मी माझ्या अनुभवातून सांगतो की, वाचकाला अंक उशिरा आल्याचा राग येत नाही, तो कधी येईल हेच ठाऊक नसल्याचा कंटाळा येतो.

१९५८ मध्ये कॉर्मन जपानमध्ये क्योतोला गेला, आणि मधली काही वर्षे वगळता तेच त्याचे घर झाले. १९६५ मध्ये त्याने कोनिशी शिझुमी यांच्याशी विवाह केला आणि २००४ मध्ये त्याचे निधनही क्योतोतच झाले. क्योतोच्या या सुरुवातीच्या काळात ‘ओरिजिन’च्या नावाने त्याने दोन पुस्तके काढली, जी आज संग्राहक शोधत फिरतात. दोन्ही १९५९ सालची : गॅरी स्नायडरचा पहिला संग्रह ‘रिपरॅप’, ५०० प्रती, आणि लुई झुकॉफस्की यांच्या ‘अ’ या दीर्घ काव्याचे पहिले १२ भाग, २०० प्रती. झुकॉफस्की १९३१ मध्ये शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाच्या एका गाजलेल्या विशेषांकाचे अतिथी संपादक होते, आणि १९५० च्या दशकात त्यांना वाचणारे मूठभरही उरले नव्हते. दुसऱ्या मालिकेत कॉर्मनने त्यांना वारंवार जागा दिली. साठीकडे झुकलेल्या, विस्मरणात गेलेल्या कवीला पुढे आणणे हे अवाँ-गार्द, म्हणजे प्रयोगशील, म्हणवणाऱ्या अंकाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. नव्या अंकाला जसे समवयस्क लागतात, तसे दुर्लक्षित राहिलेले पूर्वजही लागतात, आणि ते शोधून काढणे हे नवोदित शोधण्याहून अवघड असते, कारण त्यासाठी आधीचे वाचलेले असावे लागते.

दुसऱ्या मालिकेपासून त्याने अंक विक्रीला ठेवणेही सोडले. ज्याला हवा त्याने संपादकाला पत्र लिहून मागायचा. हे औदार्य वाटते, पण मला यात धोरण दिसते. पैसे भरून वर्षभर निश्चिंत राहणाऱ्या वर्गणीदाराच्या जागी, अंक हवा म्हणून चार ओळी लिहिणारा वाचक त्याला मिळाला, आणि काहीशे प्रतींत वाया जाणाऱ्या प्रती जवळजवळ उरल्या नाहीत. मी हे करून पाहिले आणि एका वर्षात माझे दिवाळे वाजले, म्हणून ते आपण करावे असा सल्ला देत नाही. कॉर्मनचीही आर्थिक ओढाताण कधी संपली नाही. १९७० च्या दशकात त्याने आणि त्याच्या पत्नीने क्योतोत कॉफी, केक आणि आइस्क्रीमचे दुकान काढले, ते काही हौसेखातर नव्हे.

लॉरीन नीडेकर हिचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅकहॉक बेटावर, नदीच्या पुराने दरवर्षी वेढल्या जाणाऱ्या घरात ती राहत असे आणि काही वर्षे तिने जवळच्या फोर्ट ॲटकिन्सनच्या रुग्णालयात फरशी पुसण्याचे काम केले. शेजारपाजाऱ्यांना ती कविता लिहिते हे बहुधा माहीतही नव्हते. कॉर्मनने तिसऱ्या मालिकेत तिला अंकाची मुख्य जागा दिली आणि वर्षानुवर्षे तिच्याशी पत्रव्यवहार ठेवला. नोव्हेंबर १९७० मध्ये तो तिला प्रत्यक्ष भेटला आणि तिच्या आवाजात तिच्या कविता त्याने ध्वनिमुद्रित केल्या. ३१ डिसेंबरला ती वारली. तिच्या काव्यवाचनाचे तेवढे एकच ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. हे अंकाच्या पानांत कोठेही दिसत नाही, परंतु दोन अंकांच्या मधल्या काळात संपादक काय करत होता, या वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

मर्यादाही सांगतो. कॉर्मनचा कान आखूड, काटकसरी ओळीकडे ओढ घेणारा होता. जपानी कवितेच्या सहवासाने (बाशोच्या प्रवासवर्णनाचा त्याने कामाइके सुसुमू यांच्यासह केलेला अनुवाद प्रसिद्ध आहे) ही ओढ अधिकच पक्की झाली. तिसरी मालिका सलग वाचताना कधीकधी एकच माणूस निरनिराळ्या नावांनी लिहितो आहे की काय, अशी शंका मला येते. पहिल्या मालिकेत ओल्सनसारखा अघळपघळ, गडगडाटी कवी होता आणि त्याच्याशी होणारे खटके अंकाला मानवत होते. त्याच्यापासूनचे अंतर वाढले तसा अंक अधिक सुरेख आणि अधिक एकसुरी झाला. संपादकाच्या अभिरुचीला विरोध करणारा एक तरी माणूस जवळ असावा, हे मी यावरून शिकलो. आपल्यासोबत तीन मित्र आहेत, ही आपली जमेची बाजू समजा. मात्र चौघांच्या सहमतीने प्रत्येक कविता निवडायची असे ठरवू नका, कारण मग चौघांनाही न खटकणाऱ्या कविताच तेवढ्या उरतात.

थोडक्यात, माझा हिशेब असा : पहिला अंक बराचसा नशिबाचा, परंतु एकेका कवीला मोठी जागा देणे, पत्रांना उत्तरे देणे आणि अंकांची संख्या आधी ठरवून ती पाळणे, हे सर्व कॉर्मनचे.

आपल्या अंकापुरते बोलायचे, तर ‘तीनशे प्रतींचे काय होणार?’ याचे उत्तर घरच्यांना देण्याआधी कागदावर तीनशे नावे लिहून पाहा. पहिली साठ-सत्तर भराभर लिहिली जातील आणि ती बहुतेक ओळखीची असतील. त्यांच्यावर थांबू नका. गडचिरोलीत, बेळगावात, मडगावात, एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेत शिकवणारे, बँकेत किंवा दवाखान्यात काम करणारे आणि रात्री लिहिणारे लोक शोधण्यात पहिले सहा महिने गेले तरी चालतील. माझी यादी दोनशे अकरा नावांवर अडली होती, म्हणून मी प्रती सव्वादोनशेच छापल्या. अंक किती काढायचे, हेही पहिल्याच अंकाच्या आतल्या पानावर छापून टाका. सहा म्हणा, आठ म्हणा. मी ते छापले नव्हते, त्यामुळे माझा एकोणिसावा अंक शेवटचा आहे हे तो टपालात टाकताना मलाही ठाऊक नव्हते, आणि विसाव्यासाठी आलेल्या कविता मला एकेक करून परत पाठवाव्या लागल्या.